डझनाच्या वर किती? बाकी मोजून सुटणारा अ‍ॅरेचा प्रश्न

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्लेसमेंटची तयारी चालूये, रोज दोन-तीन कोडिंगचे प्रश्न सोडवते आणि कुठे अडलं की मला फोन लावते. म्हणे, "मामा, उत्तर बरोबर येतंय हो, पण सबमिट केलं की टाइम लिमिट. चौथ्यांदा झालं आता." आवाज पार रडवेला झालेला. म्हटलं आधी प्रश्न वाच बरं नीट.

प्रश्न असा: एक अ‍ॅरे दिलाय, म्हणजे आकड्यांची एक रांग, आणि सोबत एक संख्या दिलीय, तिला आपण के म्हणू. आता या रांगेतून कुठलेही दोन आकडे उचलायचे, त्यांची बेरीज करायची, आणि त्या बेरजेला के नं निःशेष भाग गेला पाहिजे. अशा जोड्या एकूण किती होतात ते सांगायचं. बस एवढंच. जोड्या कोणत्या ते सांगायचं नाही, फक्त किती ते सांगायचं, आणि हा "फक्त किती" पुढे फार कामाला येतो, तेव्हा लक्षात असू द्या.

तिनं केलं होतं ते कुणीही पहिल्यांदा करेल तसंच. लूपमध्ये लूप. पहिला आकडा धरायचा, त्याच्या पुढचे सगळे एकेक करून त्याच्यासोबत बेरजेला लावायचे, भाग गेला तर मोजणीत एक वाढवायचा, मग दुसरा आकडा धरायचा, परत तेच. उत्तर शंभर टक्के बरोबर येतं याचं, त्यात वादच नाही. पण रांगेत आकडे २ लाख असू शकतात असं प्रश्नात लिहिलेलं होतं. २ लाखांतून दोन-दोनच्या जोड्या किती होतात? जवळपास २००० कोटी. आणि आपला साधा कंप्युटर सेकंदाला साधारण १० कोटी छोट्या स्टेप्स करतो असं धरून चालतात, म्हणजे २०० सेकंद, तीन मिनिटांच्या वर. तिथे वेळ होता दोन सेकंद. पायथनसारख्या हळू चालणाऱ्या भाषेत लिहिलं असेल तर विचारूच नका.

मी तिला फोनवर उत्तर सांगितलं नाही. म्हटलं उद्या रविवार आहे, भुसावळला ये घरी, आजोबांसमोर बसून सोडवू. ती म्हणे आजोबांचा काय संबंध? म्हटलं संबंध आहे, ये तर खरी.

आता इथे आप्पांबद्दल सांगायला लागेल, म्हणजे माझे वडील. आप्पांनी तीस वर्षं केळीची लोटगाडी लावली. रावेर-यावलकडचा माल यायचा, हे घडाचे घड उतरवायचे, घडाच्या फण्या करायच्या आणि विकायचं डझनावर. आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घडाला केळी फण्या-फण्यांनी लागतात, एका फणीत कधी चौदा, कधी सतरा, कधी बावीस, मोजूनमापून बारा क्वचितच येतात. आणि गिऱ्हाईक मागणार दोन डझन, तीन डझन. मग एक मार्ग म्हणजे फणीतून केळी तोडायची. पण आप्पांना ते अजिबात आवडायचं नाही, कारण सुटं केळं देठापाशी सोललं जातं, तिथून काळं पडायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत कुणी घेत नाही. म्हणून ते अशा दोन फण्या शोधायचे की दोघी मिळून पूर्ण डझनात बसतील. चौदाची एक आणि दहाची एक, झाले दोन डझन. एकही केळं तोडायचं काम नाही.

आता बघा, आमच्या भाचीचा प्रश्न आणि आप्पांची गाडी यांच्यात फरक काय राहिला? अ‍ॅरे म्हणजे फण्या, के म्हणजे बारा.

रविवारी ती आली, जेवणं झाली, आणि ओट्यावर गोणपाट टाकून मी दहा फण्या मांडल्या. मोजून घेतल्या तर अशा भरल्या: १४, १७, १२, १९, २२, १८, १०, २४, १८, १५. मी आप्पांना म्हटलं, आप्पा, याच्यातून डझनात बसणाऱ्या जोड्या सांगा. आप्पांनी फणी उचलली, उलटी केली, बोट फिरवलं, खालची ओळ सात, वरची ओळ सात, आणि म्हणाले, "दोन वर." फणी एका बाजूला ठेवली. दुसरी उचलली, "पाच वर." दुसऱ्या बाजूला ठेवली. तिसरी हातात घेतली, "बरोबर." भाची बघतच राहिली. चौदा हा शब्द आप्पांच्या तोंडून आलाच नाही. सतराही आला नाही.

हीच सगळी गोष्ट आहे, आणि मला इथे थोडं थांबायचंय कारण लोक इथूनच पुढे पळतात आणि मग फॉर्म्युला पाठ करतात.

चौदा म्हणजे एक डझन आणि वर दोन. सव्वीस म्हणजे दोन डझन आणि वर दोन. आप्पांच्या कामासाठी या दोन फण्यांमध्ये काहीच फरक नाही. का? कारण पूर्ण डझन तर आधीच पूर्ण आहे, त्याला कुणाची गरज नाही, तो जोडीत कुणासोबतही गेला तरी डझनच राहणार. भांडण आहे ते फक्त वरच्या दोनाचं. त्या दोनाला कुठूनतरी दहा मिळाले पाहिजेत की झालं काम. मग समोरची फणी दहाची असो, बावीसची असो नाहीतर चौतीसची असो, तिच्याही "वर दहा" च आहेत. हे जे वर उरतं त्यालाच शाळेत आपण बाकी म्हणायचो, आणि कोडमध्ये ते % चिन्हानं काढतात, १४ % १२ केलं की २ मिळतात.

आणि बाकी आपण रोज वापरतो हो, नाव घेत नाही एवढंच. आज शनिवारचा बाजार आहे, शंभर दिवसांनी कोणता वार येईल? कुणी शंभर वार मोजत बसत नाही. चौदा आठवडे म्हणजे अठ्ठ्याण्णव दिवस, ते फेकून द्यायचे, उरले दोन, शनिवारनंतर दोन म्हणजे सोमवार. शंभरातले अठ्ठ्याण्णव आपण बिनधास्त टाकून दिले आणि उत्तर तरी बरोबरच आलं. टाकून काय द्यायचं हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो असं माझं पक्कं मत आहे.

तर मग आप्पांनी दहाही फण्या वाटून टाकल्या. "बरोबर" वाल्या दोन, म्हणजे १२ आणि २४ ची. "दोन वर" एक. "तीन वर" एक, ती १५ ची. "पाच वर" एक. "सहा वर" दोन, दोघी अठराच्याच. "सात वर" एक. आणि "दहा वर" दोन, २२ ची आणि १० ची. आता दहाच्या फणीला "दहा वर" म्हणायचं जरा विचित्र वाटतं कारण तिच्यात एकही पूर्ण डझन नाही, पण हिशोबाला तसंच आहे, शून्य डझन आणि वर दहा. आप्पा तिला "दोन कमी" म्हणतात, तेही बरोबरच आहे, आणि खरं सांगायचं तर ते जास्त हुशारीचं आहे, कारण "दोन वर" आणि "दोन कमी" म्हटलं की जोडी आपोआप दिसते.

कोणत्या बाकीच्या किती, ही जी मोजणी झाली तिलाच कोडिंगवाले फ्रिक्वेन्सी काउंट म्हणतात. नाव मोठं आहे, काम हे एवढंच. बारा डबे ठेवायचे, शून्य ते अकरा नंबरचे, आणि प्रत्येक डब्यात फणी ठेवायची गरजसुद्धा नाही, नुसता आकडा लिहायचा की या डब्यात किती जमल्या.

आता जोड्या मोजा. भाचीला म्हटलं तू मोज. दोन वर एक आहे, दहा वर दोन आहेत, म्हणजे त्या एकीला दोघींपैकी कुणीही चालेल, एक गुणिले दोन, दोन जोड्या. पाच वर एक, सात वर एक, एक जोडी. तीन वर एक आहे पण नऊ वर कुणीच नाही, शून्य. मग ती शून्याच्या डब्याकडे आली आणि अडली. शून्याला कोण पाहिजे? बारानं भाग जायला शून्याला शून्यच पाहिजे, म्हणजे त्याच डब्यातली दुसरी. तिनं पटकन दोन गुणिले दोन चार केले. म्हटलं थांब, हातात घेऊन बघ. १२ ची फणी आणि २४ ची फणी, यांच्या किती जोड्या? एकच ना. गुणाकार केला की १२ स्वतःसोबतच जोडी लावते, २४ पण स्वतःसोबत लावते, आणि १२-२४ आणि २४-१२ अशी एकच जोडी दोनदा मोजली जाते. म्हणून डब्यात सी फण्या असतील तर सी गुणिले (सी वजा एक) आणि त्याचं अर्धं. दोनाला दोन गुणिले एक भागिले दोन, एक जोडी. तसंच सहाच्या डब्याचं, कारण सहाला सहाच पाहिजे, तिथेही एक. बेरीज करा, दोन आणि एक आणि एक आणि एक, पाच जोड्या.

मग तिचा जुना दोन लूपवाला कोड याच दहा आकड्यांवर चालवला, त्यानं पंचेचाळीस जोड्या तपासल्या आणि उत्तर आलं पाच. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

इथे एक गोष्ट. के बारा आहे म्हणून सहा हा मधला डबा निघाला. के सम असेल तेव्हाच असा मधला डबा असतो, के तेरा घेतला तर सहाची जोडी सातशी लागते आणि मधे कुणी नसतं. परीक्षेत घाईघाईत हे विसरतात, के भागिले दोन करून तिथे वेगळा हिशोब लावतात आणि विषम के आला की उत्तर चुकतं. म्हणून मी स्वतः ही डबे-गुणाकाराची पद्धत समजण्यासाठी वापरतो पण कोड लिहिताना दुसरी लिहितो, ती जास्त सरळ आहे, आणि ती पण आप्पांकडूनच घ्या.

समजा फण्या एकदम समोर नाहीत, टेम्पोतून एकेक उतरतेय. आप्पा दारात उभे. फणी आली की आप्पा आधी विचारणार, हिला पाहिजे तशी माझ्याकडे आधीच किती आहेत? जेवढ्या असतील तेवढ्या जोड्या उत्तरात वाढल्या. मग ही फणी तिच्या डब्यात टाकायची आणि पुढची घ्यायची. कागदावर मांडलं तर असं (मोजणी[हवी] म्हणजे "हवी" नंबरच्या डब्यात लिहिलेला आकडा):

मोजणी = शून्य ते के वजा एक असे डबे, सगळ्यांत ० लिहिलेला
उत्तर = ०
प्रत्येक आकड्यासाठी:
बाकी = आकडा % के
हवी = (के - बाकी) % के
उत्तर = उत्तर + मोजणी[हवी]
मोजणी[बाकी] = मोजणी[बाकी] + १

आमच्या फण्यांवर चालवून बघा. १४ आली, दोन वर, हवी दहा, आधी कुणीच नाही, शून्य. १७ आली, हवी सात, नाही. १२ आली, हवी शून्य, नाही. १९ आली, सात वर, हवी पाच, आणि १७ ची पाचवाली आधीच बसलीये, उत्तर एक. २२ आली, दहा वर, हवी दोन, १४ ची आहे, उत्तर दोन. १८, हवी सहा, अजून नाही. १० आली, हवी दोन, परत तीच १४ ची, उत्तर तीन. २४ आली, हवी शून्य, १२ ची आहे, चार. दुसरी १८ आली, हवी सहा, पहिली १८ आहे, पाच. १५ आली, हवी नऊ, नाही. उत्तर पाचच. एकदाच रांगेतून गेलो, शून्याचा वेगळा नियम लावला नाही, मधल्या डब्याचा लावला नाही, अर्धं केलं नाही, सगळं आपोआप झालं, कारण प्रत्येक जोडी तिची दुसरी फणी आली तेव्हाच आणि एकदाच मोजली गेली. २ लाख आकडे असतील तर २ लाख फेऱ्या, डोळा मिटायच्या आत होतं.

आता या पाच-सहा ओळींमध्ये चार खड्डे आहेत आणि भाची त्यातल्या तीन खड्ड्यांत त्याच दुपारी पडली, म्हणून ते नीट सांगतो.

पहिला, "हवी" काढताना तिनं नुसतं के वजा बाकी लिहिलं. बाकी शून्य असेल तर बारा वजा शून्य बारा, आणि बारा नंबरचा डबाच नाही आपल्याकडे, अकराला संपले. सी प्लस प्लसमध्ये हे असं अ‍ॅरेच्या बाहेर डोकावलं की कधी चालतं, कधी कचरा आकडा येतो, कधी प्रोग्राम मरतो, आणि "कधी चालतं" हे सगळ्यात वाईट कारण मग चूक सापडत नाही. म्हणून बाहेरून परत % के लावायचं, बारा % बारा शून्य.

दुसरा, क्रम. आधी विचारायचं मग डब्यात टाकायचं. उलटं केलं, आधी टाकलं आणि मग विचारलं, तर शून्याची फणी स्वतःलाच बघून म्हणेल सापडली जोडी. सहाचीही तसंच. बाकीच्या फण्यांना काही फरक पडत नाही म्हणून छोट्या उदाहरणात ही चूक लपून जाते.

तिसरा जरा वेगळा आहे, तो आकड्यांच्या आकाराचा. २ लाख आकडे सगळेच के नं भाग जाणारे असतील तर उत्तर जवळपास २००० कोटी येतं, आणि साध्या इंट मध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, २१४ कोटींच्या थोडं वरच मावतं. त्यापुढे आकडा उलटतो, उत्तर ऋण सुद्धा येऊ शकतं. म्हणून उत्तर ठेवायला सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँग, जावामध्ये लाँग घ्यायचं. पायथनवाल्यांना ही चिंता नाही, तिथे पूर्णांक लागेल तेवढा वाढतो.

चौथा खड्डा ऋण संख्यांचा. फण्या ऋण नसतात पण प्रश्नात असतात. वजा सातला बारानं भागलं तर बाकी किती? पायथन सांगतो पाच. सी प्लस प्लस आणि जावा सांगतात वजा सात. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर आहेत, पण वजा सात नंबरचा डबा कुठून आणणार? आपल्याला पाचच पाहिजे, कारण वजा सात म्हणजे "सात कमी", आणि सात कमी असणं आणि पाच वर असणं डझनाच्या हिशोबात एकच. म्हणून या दोन भाषांमध्ये बाकी काढली की त्यात के मिळवायचे आणि परत % के करायचं. आप्पांचं "दोन कमी" म्हणजे "दहा वर" लक्षात असेल तर हे पाठ करायची गरजच पडत नाही.

मधेच भाचीनं एक चांगला प्रश्न विचारला. म्हणे, मामा, जोडीची बेरीज अमुक हवी असा प्रश्न आला की आम्ही आकडे चढत्या क्रमानं लावतो आणि दोन्ही टोकांनी आत येतो, ते इथे का नाही चालत? नाही चालत कारण तिथे बेरीज एकच ठरलेली असते, कमी पडली तर डावीकडून पुढे सरका, जास्त झाली तर उजवीकडून मागे या. इथे १२ चालते, २४ चालते, ३६ चालते, ४८ पण चालते, मग बेरीज ३० आली तर ती कमी म्हणायची की जास्त? दिशाच कळत नाही. आकड्यांऐवजी त्यांच्या बाक्या चढत्या लावल्या तर जमतं, कारण बाक्यांची बेरीज शून्य नाहीतर बाराच असू शकते, पण डबे समोर असताना तेवढा खटाटोप कशाला.

अजून एक, के फार मोठा असेल तर? १०० कोटींचा के आला तर १०० कोटी डबे मांडायचे का? एका डब्याला चार बाइट धरले तरी ४ जीबी मेमरी गेली, आणि आकडे तर दोनच लाख आहेत, म्हणजे बहुतेक डबे रिकामेच राहणार. तिथे डिक्शनरी घ्या, हॅशमॅप घ्या, जी बाकी खरंच आली तिचाच डबा तयार होतो. बाकी कोड तोच.

हे सगळं चालू असताना मला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची आठवण झाली. आपल्या खानदेशातल्या किती पोरांना माहितीये देव जाणे, पण तिथल्या पाटण गावी एक शिलालेख सापडला, मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला, आणि त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून तिथे मठ काढला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागात पोरं बसून लीलावती शिकत असणार. आणि ११५० च्या त्या लीलावतीत कुट्टक नावाचं प्रकरण आहे, ते पूर्ण बाकीवर आहे: अशी संख्या शोधा की तिला अमुकनं गुणलं, त्यात तमुक मिळवलं, आणि तिसऱ्या संख्येनं भागलं की बाकी काही उरू नये. पुढे १८०१ मध्ये चोवीस वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञानं बाकी सारखी असलेल्या संख्यांसाठी वेगळं चिन्ह आणि नीट नियम दिले, आज कॉलेजात त्याच पद्धतीनं शिकवतात. पण बाकीशी खेळायची सवय आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधीची आहे हे भाचीला सांगताना मला फार बरं वाटलं, तिला गणित परक्या गावाचं वाटायला नको.

असो. या युक्तीचा खरा दम पुढच्या प्रश्नात दिसतो आणि तो मुलाखतीत हमखास विचारतात. तिथे जोडी नको असते, सलग तुकडा पाहिजे असतो. म्हणजे रांगेत शेजारी-शेजारी असलेले कितीही आकडे, मधून उडी मारायची नाही, आणि त्या तुकड्याची बेरीज के नं भाग जाणारी. असे तुकडे किती?

इथे रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आठवा. सुरुवातीला शून्याचा दगड, मग पहिला आकडा संपला तिथे एक दगड, दुसरा संपला तिथे पुढचा, प्रत्येक दगडावर सुरुवातीपासूनची बेरीज लिहिलेली. याला प्रिफिक्स सम म्हणतात. समजा आकडे आहेत ५, ७, ३, ९, १२. दगड झाले ०, ५, १२, १५, २४, ३६. आता कुठल्याही सलग तुकड्याची बेरीज म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या दगडांमधला फरक, जसं दोन गावांमधलं अंतर. ३ आणि ९ चा तुकडा म्हणजे २४ वजा १२.

फरकाला बारानं भाग कधी जातो? दोन्ही दगडांवर डझनाच्या वर सारखंच उरत असेल तेव्हा. इथे दोन वरला दहा वर नको, दोन वरला दोन वरच पाहिजे, कारण वजाबाकी आहे, वरचे वरच्यात कटून जातात. दगडांच्या बाक्या काढा: ०, ५, ०, ३, ०, ०. शून्यवाले चार दगड, चारातून दोन निवडायचे, चार गुणिले तीन भागिले दोन, सहा. तुकडे सहा. कोडही जवळजवळ तोच, फक्त "हवी" च्या जागी "बाकी" च विचारायची, आणि सुरुवात करताना शून्याच्या डब्यात एक टाकून ठेवायचा. तो एक म्हणजे सुरुवातीचा शून्याचा दगड. हा विसरला की पहिल्या आकड्यापासून सुरू होणारे सगळे तुकडे हरवतात, इथे सहाच्या जागी तीनच येतील. मी स्वतः एका मुलाखतीत हा एक विसरलो होतो आणि पंधरा मिनिटं चूक शोधत बसलो होतो, म्हणून भाचीकडून तो मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला.

यातून एक मस्त गोष्ट निघते. कुठल्याही बारा फण्या ओळीनं मांडा, कशाही, तुमच्या मनाला येतील त्या. त्यात एक तरी सलग तुकडा पूर्ण डझनात बसणारच. बारा फण्यांचे दगड होतात तेरा, शून्याचा धरून. आणि डबे आहेत बाराच. तेरा दगड बारा डब्यांत टाकले की कुठल्यातरी डब्यात दोन जाणारच, आणि ते दोन म्हणजे आपला तुकडा. आप्पांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "तीस वर्षं गाडी लावली, हे नाही माहीत होतं." आणि लगेच घरातून अजून दोन फण्या आणायला सांगितल्या, कारण दहाच होत्या. एक तेराची निघाली, एक सोळाची. त्यांनी बाराही फण्या त्यांच्या मनानं उलटसुलट करून तीनदा मांडल्या आणि तिन्ही वेळा भाचीला तुकडा शोधायला लावला. तिन्ही वेळा सापडला.

संध्याकाळी जायच्या आधी तिनं कोड सबमिट केला, सगळ्या टेस्ट केस पास. पिशवी भरता भरता तिचं लक्ष गोणपाटावर गेलं. आम्ही त्या पहिल्या दहा फण्या परत मांडल्या होत्या, आणि पंधराची फणी एकटीच बाजूला पडलेली, तीन वरची, जिला नऊ वरची कुणी मिळालीच नव्हती. ती म्हणे, मामा, जोडीच्या ऐवजी तिघी घ्यायच्या म्हटलं तर? दहातून तीन-तीनचे गट होतात एकशे वीस, पण ती गट करायला बसलीच नाही, सरळ डब्यांवर गेली. सहाच्या दोघी आणि शून्याची एक, शून्याच्या दोन आहेत म्हणून दोन गट. शून्य, दोन आणि दहा, दोन गुणिले एक गुणिले दोन, चार. शून्य, पाच, सात, दोन. मग थोडं थांबली, डब्यांकडे बघत राहिली, आणि दोन, तीन, सात असं म्हणत तिनं चौदाची, पंधराची आणि एकोणीसची फणी उचलून एकत्र ठेवली. अठ्ठेचाळीस. आप्पा म्हणाले, "चार डझन. बांध."